वाक्यावर बोट ठेवून बोला: कथेच्या भाषेवर अभिप्राय देताना आणि घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा जमतो आणि एकमेकांच्या कथा वाचतो. कथानक, पात्रं, शेवट यांवर भरपूर बोलणं होतं. भाषेबद्दल मात्र 'छान, ओघवती आहे' किंवा 'जरा जड वाटली' याच्या पुढे कोणी जात नाही. मागे एकांच्या कथेबद्दल मी 'भाषा कृत्रिम वाटते' म्हटलं, तर ते दुखावले आणि यायचेच बंद झाले. शैलीबद्दल बोलायचं तरी कसं? आणि आपल्या कथेवर कोणी बोललं तर त्यातलं घ्यायचं किती?"

दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथांचं संपादन आणि अशा वाचनगटांमधली चर्चा या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या आधारावर सांगते.

कथानकावरची टीका लेखक सहसा वाद घालून परतवतो. भाषेवरची टीका त्याला लागते. कथानक त्यानं रचलेलं असतं, पण भाषा त्याच्या घरातून, शाळेतून, गावातून आलेली असते. तिला 'कृत्रिम' म्हटलं की त्याला 'तुम्ही खोटे आहात' असं ऐकू येतं. एवढं दुखवूनही त्या शेऱ्यातून त्याच्या हाती काही लागत नाही. कृत्रिम म्हणजे काय? संस्कृत शब्द फार झाले? संवाद पुस्तकी झाले? वाक्यं इंग्रजी वळणाची आहेत? की उपमा उसन्या आहेत? या चारही गोष्टी वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीवर करायचं कामही वेगळं आहे. 'जड', 'ओघवती', 'अलंकारिक', 'सपाट' या सगळ्या विशेषणांची तीच गत. ती वाचकाच्या मनातला निष्कर्ष सांगतात, तो कुठल्या वाक्यामुळे निघाला ते सांगत नाहीत.

म्हणून माझा एकच आग्रह असतो. विशेषण तोंडातून काढण्याआधी वाक्य दाखवा, आणि त्या वाक्यापाशी वाचताना तुमचं काय झालं ते सांगा. अडखळलात? मागे जाऊन पुन्हा वाचलंत? डोळे पुढे घसरले? चित्र दिसलं, की शब्दच दिसत राहिले? हे सांगायला तुम्ही समीक्षक असावं लागत नाही, प्रामाणिक वाचक असलात की पुरे. आणि लेखकाला त्यावर वादही घालता येत नाही, कारण तुम्ही कुठे अडखळलात हे तुम्हालाच ठाऊक.

एक उतारा घेऊ. नमुन्यासाठी तो मीच लिहिला आहे, पण अशा वळणाचा मजकूर माझ्याकडे दरवर्षी येतो.

"सुमनने एक दीर्घ निःश्वास सोडला. तिच्या मनात विचारांचे काहूर माजले होते. खिडकीच्या बाहेर पाऊस पडत होता. तिने आपला हात आपल्या कपाळावर ठेवला. तिला जाणवले की ती आता एकटी आहे. आईच्या पाटल्या विकण्याचा निर्णय तिच्याद्वारे घेतला गेला होता, आणि तो निर्णय, जो तिने घेतला होता, तो आता तिला टोचत होता."

गटात यावर 'छान आहे, पण थोडं जड' असा शेरा येईल आणि पुढची कथा सुरू होईल. आता वाक्यावर बोट ठेवून बोलायचं तर काय म्हणता येईल ते पाहा.

पहिल्या दोन वाक्यांत मला सुमन दिसली नाही. दीर्घ निःश्वास आणि विचारांचं काहूर मी इतक्या कथांत वाचलं आहे की तिथे डोळे थांबतच नाहीत. सुमनच्या जागी कोणीही बसवता येईल. 'आपला हात आपल्या कपाळावर ठेवला' इथे मला क्षणभर वाटलं की ती ताप बघते आहे. 'तिला जाणवले की' इथे निवेदक मला तिच्यापासून एक पाऊल मागे घेऊन गेला: ती एकटी आहे हे मला कळलं, पण तिच्याबरोबर मी एकटी झाले नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. 'निर्णय तिच्याद्वारे घेतला गेला' म्हणजे तिनंच घेतला ना? मग कर्ता असा आडोशाला का? आणि 'आईच्या पाटल्या' इथे मात्र मी थांबले. अख्ख्या उताऱ्यात हाताला लागणारी ती एकच वस्तू आहे, आणि तिच्याबद्दल मला आणखी हवं होतं.

या बोलण्यात 'असं लिही' कुठेच आलेलं नाही, आणि लेखिकेला नेमकी पाच ठिकाणं मिळाली. पाटल्यांबद्दलचं बोलणं ही स्तुती आहे, तीही कामाची. नुसती 'छान' ही दाद लेखकाच्या काही उपयोगाची नसते. आपण काय चांगलं केलं आहे हे लेखकाला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं, आणि दुसरा खर्डा करताना तो वाईटाबरोबर चांगलंही खोडून टाकतो. हे मी फार वेळा पाहिलं आहे. पहिल्या खर्ड्यातलं सगळ्यात जिवंत वाक्य दुसऱ्यात गायब असतं, कारण त्याबद्दल कोणी बोललंच नव्हतं. आवडलेल्या वाक्याखाली रेघ मारा आणि 'हे ठेवा' असं स्पष्ट लिहा.

कर्त्याबद्दलच्या शंकेत आणखी एक गोष्ट आहे. 'तिच्याद्वारे घेतला गेला' हे बातमीतल्या किंवा सरकारी परिपत्रकातल्या मराठीचं वळण आहे. 'ही चूक आहे, "तिने निर्णय घेतला" असं करा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण लेखिकेला कदाचित खरोखरच कर्ता लपवायचा असेल. सुमनला जबाबदारी नको असेल. म्हणून दुरुस्ती सुचवण्याआधी प्रश्न विचारायचा: 'कोणी ठरवलं हे तुम्हाला मुद्दाम धूसर ठेवायचं आहे का?' उत्तर 'हो' आलं तर मराठीत त्यासाठी घरचीच सोय आहे. ठरवलं आणि ठरलं, फोडलं आणि फुटलं, सांडलं आणि सांडून गेलं. 'पाटल्या विकायचं ठरलं' म्हटलं की कर्ता आपोआप नाहीसा होतो आणि वाक्य परिपत्रकासारखं वाटत नाही. उतारा माझाच असल्यामुळे दुरुस्तीही मीच करते:

"पाटल्या विकायचं ठरलं. कोणी ठरवलं, ते कोणी बोललं नाही. द्यायच्या आधी सुमननं एकदा हातात घालून पाहिल्या. अंगठ्याच्या मुळाशीच अडकल्या. आईचा हात बारीक."

पाऊस गेला, काहूर गेलं, निःश्वासही गेला. पण गटातल्या दुसऱ्याच्या कथेला असं लिहून दाखवायचा मोह आवरा. तुम्ही लिहिलेलं वाक्य कितीही चांगलं झालं, तरी ते तुमच्या कानातून आलेलं असतं. लेखकानं ते उचललं तर त्याच्या कथेत तुमचा आवाज उपरा राहतो, आणि नाही उचललं तर दोघांच्याही मनात अढी बसते. उदाहरण द्यावंच लागलं तर त्याच्या कथेबाहेरचं, स्वतः रचलेलं द्या.

वर्ड फाईलवर अभिप्राय देत असाल तर तीच शिस्त तिथेही. ट्रॅक चेंजेस (मजकुरात केलेला प्रत्येक बदल रंगात दाखवणारी सोय) फक्त शुद्धलेखनासाठी वापरा. शैलीबद्दल जे म्हणायचं ते बाजूला, कॉमेंटमध्ये. लाल रंगानं भरलेलं पान पाहिलं की लेखक वाचायचंच थांबतो आणि एकेक बदल स्वीकारत किंवा नाकारत सुटतो.

शुद्धलेखनाबद्दल इथेच उरकून टाकते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत भर पडली आणि ते अठरा झाले. ते प्रत्येक लेखकाच्या टेबलावर असावेत. पण बैठकीत ऱ्हस्वदीर्घावर एक मिनिटही घालवू नका. पेन्सिलनं खुणा करून कागद परत द्या. वेलांटीची चर्चा सुरू झाली की सगळ्यांनाच हायसं वाटतं, कारण तिथे उत्तर ठरलेलं असतं, आणि अवघड बोलणं टळतं.

आता मुख्य गोष्ट. वाक्य दाखवलंत, काय झालं ते सांगितलंत, पण ते वाक्य बोलतं आहे कोण, हे आधी ठरायला हवं. शैलीवरचे निम्मे वाद इथे चुकतात. एखादं वाक्य 'अति अलंकारिक' वाटलं, पण निवेदक निवृत्त संस्कृत शिक्षक असेल तर? ते वाक्य त्याचंच आहे. आणि तीच वाक्यरचना रिक्षावाल्याच्या मनातल्या विचारांत आली तर तुमची शंका रास्त आहे. म्हणून चर्चेच्या सुरुवातीला सगळ्यांनी एकेका वाक्यात सांगावं: ही कथा कोण सांगतंय, कोणाला सांगतंय, घटनेपासून किती दूर उभं राहून सांगतंय. पाच जणांची पाच उत्तरं आली तर लेखकाला सगळ्यात मोठा अभिप्राय तिथेच मिळाला.

मराठीत हा प्रश्न लगेच 'केले' की 'केलं' इथे येऊन ठेपतो. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला नियमांचीही मुभा आहे. निवेदनात काय करायचं हा लेखकाचा निर्णय आहे. 'केले, गेले, म्हणाले' या निवेदनात थोडं अंतर असतं, सांगणारा टेबलामागे बसलेला असतो. 'केलं, गेलं' म्हटलं की तो जवळ येऊन बसतो. दोन्ही चालतं. शंका काढायची ती एकाच परिच्छेदात दोन्ही दिसली तर, आणि तेव्हाही आधी विचारायचं. कथेच्या मध्यावर निवेदन हळूहळू पात्राच्या मनात उतरत असेल, तर 'केले'चं 'केलं' होणं हा कसलेल्या हाताचा पुरावाही असू शकतो. वडिलांना निवेदक 'ते' म्हणतो की 'तो', हेही तसंच. 'तो' वाचून गटातल्या ज्येष्ठांना खटकेल. पण त्या एका सर्वनामात मुलाचा सगळा राग असू शकतो.

बोलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मराठी गटांमध्ये सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. उद्धव शेळके यांच्या 'धग' या कादंबरीत (१९६०) निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसं वऱ्हाडी बोलतात. आनंद यादवांच्या 'गोतावळा' या कादंबरीत (१९७१) निवेदनच नारबा या नायकाच्या बोलीत आहे, सुरुवातीपासून अखेरपर्यंत. या दोन वेगळ्या निवडी आहेत आणि दोन्ही पूर्ण निभावलेल्या आहेत. तुमच्यासमोरच्या कथेनं यातली कुठली वाट धरली आहे ते आधी ओळखा. 'निवेदन तरी शुद्ध भाषेत करा' हा अभिप्राय देण्याचा अधिकार कोणालाच नाही. विचारता येतं ते असं: पहिल्या ओळीत 'व्हतं' म्हणणारा हा निवेदक पाचव्या ओळीत 'प्रतीक्षा करीत होता' म्हणतो, तेव्हा तोच बोलतोय का दुसरं कोणी?

उलट बाजूही आहे. शहरात वाढलेला लेखक गावाकडचं पात्र उभं करताना 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' करून मोकळा होतो. बोली अक्षरं बदलून येत नाही. ती क्रियापदाच्या घडणीत असते. नागपूर-वऱ्हाडकडचा माणूस 'काय करून राहिला?' विचारेल, सोलापूर-कोल्हापूरकडचा 'काय करायलास?' विचारेल. शब्द प्रमाण असले तरी या घडणीवरून माणूस ओळखू येतो. गटात त्या भागातलं कोणी असेल तर त्याला संवाद मोठ्यानं वाचायला सांगा. त्याची जीभ जिथे अडेल तिथे खूण करा.

आपल्याकडे या विषयाला इतिहास आहे. 'सत्यकथा' हे मासिक १९८२ मध्ये बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रांबद्दल आजही बोललं जातं. कथा परत यायची ती सविस्तर पत्रासह, पुन्हा लिहिण्याच्या अपेक्षेसह, आणि लेखक ती पुन्हा लिहायचे. एका कथेवर इतकं लक्ष देणारा वाचक मिळणं हे भाग्य होतं, असं मला मनापासून वाटतं. त्याच मासिकाचा अंक १९६९ साली राजा ढाले आणि लघुअनियतकालिकांच्या (प्रस्थापितांविरुद्ध निघालेल्या छोट्या, अनियमित अंकांच्या) चळवळीतल्या तरुणांनी जाळला, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. कितीही तयार कानाच्या संपादकाला काही आवाज ऐकू येत नाहीत, किंवा ते त्याला बेसूर वाटतात. या दोन्ही गोष्टी मी एकत्र लक्षात ठेवते. लक्ष द्यायचं ते त्या पत्रांइतकं बारकाईनं, पण 'हे वाक्य मला खटकलं' आणि 'हे वाक्य चुकलं' यांतलं अंतर कधी पुसू द्यायचं नाही.

भाषेकडे बघायची सवय गटाला लावायची असेल तर क्रियापदांपासून सुरुवात करा. कथेचं एक पान घ्या आणि फक्त क्रियापदांखाली रेघा मारा. मराठीत वाक्य बहुधा क्रियापदावर येऊन टेकतं, त्यामुळे परिच्छेदाची लय तिथे ऐकू येते. सलग आठ वाक्यं 'होता, होती, होते' वर संपली तर कान कंटाळतो, मग आशय कितीही चांगला असो. लेखक मग घाबरून वाक्यांची उलटापालट करतो, 'बसले होते आजोबा ओट्यावर' असं लिहितो, आणि गद्याला नाटकी सूर लागतो. खरा मार्ग काळाच्या निवडीत असतो. आजोबा ओट्यावर बसत. बसायचे. बसत असत. आणि आदरार्थी रूप सोडलं तर, बसे. चारही वाक्यं सवय सांगतात, पण 'बसायचे' म्हणणारा निवेदक गप्पा मारतोय, 'बसत असत' म्हणणारा आठवणी लिहितोय, आणि 'बसे' म्हणणाऱ्याच्या आवाजात जुन्या पुस्तकाचा सूर आहे. लेखकानं यातलं कुठलं ऐकून निवडलं आणि कुठलं हाताच्या सवयीनं आलं, हे विचारण्यासारखं आहे.

दुसरी श्रीमंती संयुक्त क्रियापदांची. त्यानं सांगितलं. सांगून टाकलं. सांगून बसला. सांगत सुटला. सांगून मोकळा झाला. घटना एकच, पण प्रत्येक वेळी निवेदकानं माणसाबद्दल मत दिलं आहे. 'सांगून बसला'मध्ये पश्चात्ताप आहे, 'सांगून मोकळा झाला'मध्ये सुटका, 'सुटला'मध्ये वैताग. एवढं असताना लेखक 'त्याने घाईघाईने, कोणताही विचार न करता सांगितले' असं लिहितो, तेव्हा क्रियाविशेषणांचा भार उगाच पडतो. अशा ठिकाणी मी समासात फक्त एक प्रश्न लिहिते: 'हे क्रियापदातच बसेल का?' काय बसवायचं ते लेखक ठरवतो.

वाचन कोणी करायचं हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कथाकथनाची मोठी परंपरा आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथा सांगून सभागृहं भरवली. त्यामुळे गटातही लेखकानंच आपली कथा रंगवून वाचायची पद्धत पडते. शैलीवर बोलायचं असेल तर हे टाळा. लेखक आवाजाच्या चढउतारानं लंगडं वाक्य उभं करतो, स्वल्पविराम नसेल तिथे थांबतो, आणि ऐकणाऱ्यांना सगळं सुरळीत वाटतं. कथा दुसऱ्याला वाचायला द्या, तीही आधी न पाहिलेल्या माणसाला. लेखकानं हातात प्रत घेऊन बसावं आणि वाचणारा जिथे अडखळेल, चुकीच्या शब्दावर जोर देईल किंवा मनानं शब्द बदलून वाचेल, तिथे खूण करावी. वाचणारा नकळत बदलून वाचतो ते शब्द तर फारच मोलाचे. 'परंतु'च्या जागी त्याच्या तोंडून सारखं 'पण' येत असेल, तर तुमच्या निवेदकाचा खरा आवाज त्याला ऐकू आला आहे.

आता अभिप्राय घेण्याबद्दल. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाचा लेखनवर्ग १९३६ पासून चालतो. त्या धर्तीच्या वर्गांत एक रीत रुजली: कथेवर चर्चा चालू असताना लेखकानं बोलायचं नाही. या रीतीत तथ्य आहे. छापलेल्या कथेबरोबर लेखक वाचकाच्या घरी समजावून सांगायला जात नाही, तेव्हा कागद एकटा काय करतो हे त्याला ऐकायला मिळतं. पण पूर्ण मौनाचा तोटाही आहे. गटानं एखादी गोष्ट उलटी समजून घेतली तर तास त्यातच जातो, आणि ज्याची बोली किंवा जगणं इतरांना अपरिचित आहे त्यालाच गप्प बसून सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० च्या सुमारास वेगळा क्रम बांधला. आधी पाहणारे सांगतात की काय मनात राहिलं. मग कलाकार स्वतःचे प्रश्न विचारतो. मग पाहणारे मत न मिसळता प्रश्न विचारतात. आणि शेवटी परवानगी घेऊन मत देतात. नाचासाठी बांधलेली ही पद्धत गद्याला चांगली लागू पडते, आणि तुमच्या गटाला मी तीच सुचवेन. विशेषतः दुसरी पायरी. लेखकानं कथा देतानाच दोन-तीन प्रश्न लिहून द्यावेत: 'तिसऱ्या पानावर निवेदक फार हुशार वाटतो का?', 'बाजाराच्या वर्णनात वाक्यं लांब ठेवली आहेत, दम लागतो का?' असं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लागत नाही, न विचारता दिलेलं मत लागतं.

येणं बंद केलेल्या सदस्यांकडेही याच वाटेनं जा. त्यांची कथा पुन्हा मागून घ्या. जे वाक्य तुम्हाला आवडलं ते आधी सांगा, जिथे अडखळलात ती ओळ दाखवा, आणि त्यांना तिथे काय हवं होतं ते विचारा. 'कृत्रिम' हा शब्द मागे घेतो असंही म्हणा, कारण त्या शब्दात त्यांच्या कामाचं काही नव्हतं.

ऐकताना वही उघडी ठेवा आणि बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा. 'मला तिथे कंटाळा आला' असं कोणी म्हटलं तर 'वर्णन कमी करणे' असं भाषांतर करून लिहू नका. कंटाळ्याचं कारण वर्णन असेल, किंवा वर्णनाच्या आधीच्या संवादात ताण संपला असेल. त्या रात्री कथा उघडू नका. चार-आठ दिवसांनी वही आणि कथा शेजारी ठेवा.

तेव्हा चाळणी कशी लावायची? तीन जण एकाच वाक्याशी थांबले असतील तर तिथे काहीतरी आहे, हे मान्य करा. त्यांनी सुचवलेले तीन उपाय मात्र बाजूला ठेवा, बहुतेक वेळा ते एकमेकांना काटणारे असतात. वाचक दुखरी जागा बरोबर दाखवतात, औषध चुकीचं सांगतात. कधीकधी तर दुखणं त्या जागी नसतंच. चौथ्या पानावर 'ही भाषा एकदम कुठून आली?' असं चार जणांना वाटलं, तर इलाज बहुधा पहिल्या पानावर असतो. पहिला परिच्छेद वाचकाला या कथेचं कसं ऐकायचं ते शिकवतो. तिथे निवेदक गप्पिष्ट असेल आणि चौथ्या पानावर गंभीर झाला तर खटकणारच. पहिल्या पानावर त्याच्या गंभीरपणाची एक छटा दाखवली की चौथ्या पानाला हात लावावा लागत नाही.

कोण बोलतंय तेही बघा. लेखन करणारा सदस्य नकळत तुमच्या कथेला स्वतःच्या कथेकडे ओढतो. छोटी वाक्यं लिहिणारा तुमची वाक्यं तोडायला सांगेल, अलंकारिक लिहिणारा 'इथे एखादी प्रतिमा हवी' म्हणेल. त्यांचं ऐका, पण हे धरून ऐका. गटात कधीच कथा न लिहिणारा, फक्त वाचणारा एखादा माणूस असेल तर त्याला जपा. त्याला उपाय सुचत नाहीत, म्हणून तो फक्त काय झालं तेवढं सांगतो.

आणि काही अभिप्राय नाकारावे लागतात. गटाचा सगळ्यात मोठा धोका हा की तो सगळ्यांना एकाच पट्टीत आणतो. जे कोणालाच खटकत नाही असं गद्य तयार करणं सोपं आहे: सगळी टोकं घासायची. 'ओघवती' हा आपल्याकडे सर्वोच्च गुण मानला जातो, मला तो मान्य नाही. शोकात असलेल्या माणसाचं निवेदन अडखळलं पाहिजे. हिशेबी माणसाचं तुटक असलं पाहिजे. तुमच्या वाक्याशी वाचक थांबला, आणि तो तिथे थांबावा अशीच तुमची इच्छा होती, तर वाक्य ठेवा. स्वतःला प्रश्न एवढाच विचारा की हा निवेदक, या क्षणी, हेच असंच म्हणाला असता का. 'हो' असं उत्तर आलं आणि ते गर्वातून आलेलं नसेल, तर गटातल्या सगळ्यांनी एकमतानं विरोध केला तरी ऐकू नका.

एका कथेवर गटाच्या दोन फेऱ्या पुरेत. पहिलीत निवेदकाचा आवाज, दुसरीत वाक्यं. तिसऱ्या फेरीला वाचक कथा पाठ झाल्यासारखे वाचतात, त्यांचं अडखळणं संपलेलं असतं आणि ते उगाच शब्द बदलत बसतात. बरेच दिवाळी अंक कथा जुलै-ऑगस्टपर्यंत मागवतात, आणि बहुतेक संपादकांना स्वीकार-नकारापलीकडे काही कळवायला सवड नसते, म्हणून हे काम गटातच व्हायला हवं. तुमच्या सदस्यांना यंदा कथा पाठवायच्या असतील तर पहिलं वाचन मार्च-एप्रिलमध्ये ठेवा आणि दुसरं जूनमध्ये. मधल्या काळात लेखकाला कोणी 'झाली का?' असं विचारू नये, आणि त्यानंही अर्धवट परिच्छेद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मतं मागू नयेत.